निदान

रावपुऱ्यातून जाताना टॉवरच्या घड्याळाकडे मान वर करून पाहण्याची सवय आपल्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडली आहे. हा मनोरा कोणाच्या स्मरणार्थ उभा आहे, असे विचारले तर मात्र आज पुष्कळांना क्षणभर थांबावे लागेल. १८९६ साली उभारलेल्या या मनोऱ्याला श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या प्रथम पत्नी चिमणाबाई यांचे नाव दिलेले आहे. तंजावरहून बडोद्यास आलेली ही राणी १८८५ साली, ऐन तारुण्यात, क्षयाने गेली.

त्याच्या तीनच वर्षे आधी, मार्च १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सिद्ध करून दाखविला होता. ज्या शत्रूने राणीचा प्राण घेतला त्याची ओळख जगाला पटलेली होती. त्याच्यावर चालेल असे शस्त्र तेवढे कोणाच्या हाती नव्हते. क्षयावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसीन, सापडावयास १९४३ साल उजाडले. मधली साठ वर्षे वैद्यकापाशी निदान होते, औषध नव्हते. संस्थानाची सारी दौलत पायाशी असूनही एका राजाला आपल्या पत्नीसाठी जे मिळू शकले नाही, ते आज सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. टॉवरखालून जाताना या गोष्टीची आठवण व्हावी, इतकी ती मोठी आहे.

औषधांच्या या युगाशी आपल्या गावाचा संबंध केवळ घेणाऱ्याचा नाही. १८९० साली महाराजांनी कलाभवन स्थापिले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे त्याची धुरा दिली. त्यांच्याच प्रेरणेने, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या उद्योगातून १९०७ मध्ये ‘अलेंबिक’चा जन्म झाला. १९६० च्या दशकाच्या आरंभी याच कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे एरिथ्रोमायसीनच्या ‘अल्थ्रोसिन’ गोळ्या देशभर गेल्या. तिकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. आपल्यापैकी बहुतेक दक्षिणी घरांत कोणी ना कोणी काका वा मामा ‘अलेंबिकमध्ये’ नाहीतर ‘साराभाईत’ नोकरीस असे. या औषधांविषयी आपल्याला वाटणारी आपुलकी अशी घरातलीच आहे.

आमच्या आजी मुदतीच्या तापाची गोष्ट सांगत. त्यांच्या एका नणंदेला तो ताप आला, तेव्हा घरातली माणसे भिंतीवर कोळशाने एकवीस रेघा ओढून दिवस मोजीत बसली होती. करण्यासारखे दुसरे काही नव्हतेच. ती मुलगी अठराव्या रेघेला गेली. १९४८ नंतर क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि भिंतीवरच्या रेघा संपल्या. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना अँटिबायोटिक हा शब्द देवाच्या अंगाऱ्यासारखा वाटला, यात नवल नाही. पण अंगाऱ्याला कोणी प्रश्न विचारीत नाही, आणि आपली चूक तेथूनच सुरू झाली, असे मला वाटते.

‘निदान’ हा आपल्या भाषेतला मोठा मार्मिक शब्द आहे. वैद्यकात त्याचा अर्थ रोगाचे मूळ ओळखणे. सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ तेवढ्याच एका कामासाठी लिहिला गेला. रोग ओळखण्याची पाच साधने प्राचीनांनी मानली, त्यांत ‘उपशय’ नावाचे एक आहे. लक्षणे गूढ असतील तेव्हा एखादा उपचार वा पथ्य योजून काय फरक पडतो हे पाहावे आणि त्यावरून रोग ओळखावा, असा त्याचा आशय. पाचांतले हे एक साधन. ते एकटेच वापरावे असे कोणी म्हटले नव्हते. आपण मात्र उरलेली चार सोडून देऊन केवळ ‘घेऊन तर बघू’ एवढ्यावर सारा कारभार चालवीत आलो. चिमणाबाईंच्या काळी निदान होते आणि औषध नव्हते. आमच्या काळी औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि निदान करून घेण्यास कोणाला सवड नसते.

हे मी इतरांना उद्देशून लिहीत नाही. आमच्या घरी फडताळात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. प्रत्येक आजारपणानंतर उरलेल्या गोळ्या त्यात जात. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले. वैद्यकाशी माझा संबंध नाही. तरीही सर्दी-पडसे, घसा, पोट यांसाठी शेजारीपाजारी त्या डब्यातून गोळ्या देताना मला आपण काही परोपकार करतो आहोत असेच वाटे. सर्दी-पडसे हे विषाणूंचे काम, आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काडीइतका परिणाम होत नाही, हे मी वाचलेले होते. पण चार दिवसांनी पडसे जाई आणि श्रेय गोळीला मिळे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या वहिनींना थंडी वाजून ताप आला. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. मी डबा उघडला. दोन दिवस ताप उतरला, तिसऱ्या दिवशी दुप्पट जोराने चढला. रुग्णालयात नेले तेव्हा एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारले, “काका, याआधी यांना काय दिलंत?” मी नावे सांगितली. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “नमुना आधी घेतला असता तर बरं झालं असतं. अर्धवट औषधानं कधीकधी तपासणीत जंतू वाढतच नाहीत.” सुदैवाने लघवीच्या नमुन्यात ते वाढले. दोन दिवसांनी आलेला अहवाल मी चष्मा पुसून वाचला. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे एकेक अक्षर: औषध चालत असेल तर ‘एस’, चालत नसेल तर ‘आर’. ओळीमागून ओळ ‘आर’. तोंडाने घेण्याचे एकही औषध चालणार नव्हते. शिरेतून द्यावयाच्या एका राखीव औषधाने वहिनी वाचल्या. पण त्यानंतर त्या काठीवाचून चालू शकल्या नाहीत.

त्या ‘आर’च्या ओळींत माझ्या डब्याचा वाटा किती? हे मला कधीच कळणार नाही, आणि या निबंधाचा खरा विषय तोच आहे.

मधुमेहाची गोळी मी चुकीची घेतली तर नुकसान माझे होते. प्रतिजैविकाचे तसे नाही. त्याने शरीरातले दुबळे जंतू मरतात, रोगाशी संबंध नसलेले आतड्यातले निरुपद्रवी जंतूही मरतात, आणि जे त्या औषधाला पुरून उरतात त्यांना मोकळे रान मिळते. हे गुण ते पुढच्या पिढीला देतात, इतकेच नव्हे तर शेजारच्या निराळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. हातांतून, पाण्यातून, रुग्णालयातून ते पसरतात. मी आज निष्कारण घेतलेल्या गोळीची किंमत उद्या एखादा अनोळखी माणूस चुकती करतो. मुदतीच्या तापाचेच पाहा. १९७२ साली केरळात क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा विषमज्वर उद्भवला. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन बोथट झाले. २०१६ पासून सिंधमध्ये पसरलेल्या विषमज्वरावर तोंडाने घेण्याचे अझिथ्रोमायसीन तेवढे खात्रीचे उरले. हीच गोळी आपण पडशावर घेतो. जगभरात २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे सुमारे पावणेतेरा लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

पेनिसिलीनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानात याची जाणीव दिली होती. त्यांनी एक काल्पनिक प्रसंग रचला: घसा दुखणारा एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलीन घेतो, अपुरे घेतो, जंतूंना जणू शिकवून तयार करतो, तेच जंतू त्याच्या पत्नीला लागतात आणि पेनिसिलीन निरुपयोगी ठरून ती मरते. तिच्या मृत्यूला पती जबाबदार, असा त्यांचा निष्कर्ष. पण त्या प्रसंगात कार्य आणि कारण एकाच घरात राहतात. प्रत्यक्षात अपराधी आणि बळी यांची गाठच पडत नाही. ज्या अपराधाला साक्षीदार नाही, पुरावा नाही आणि ज्यातला आपला वाटा मोजता येत नाही, त्याची जबाबदारी आपल्यावर येते का?

येथे दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते खोटे नाही. डॉक्टर म्हणतील, माझ्यासमोर तापाने फणफणलेले मूल आहे. उद्याच्या अनोळखी माणसासाठी मी त्याचे औषध अडवून धरू काय? जंतूंचे विष रक्तात भिनलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर तास मोजावे लागतात. तेथे अहवालाची वाट पाहणे हाच गुन्हा होईल. रोजंदारीवरचा मजूर म्हणेल, दोन दिवस थांबण्याची चैन मला परवडत नाही, आणि तपासणीच्या पैशांत माझ्या घरचा आठवड्याचा शिधा येतो. संयमाचा उपदेश झोपाळ्यावर बसून करणे सोपे असते. या देशात प्रतिजैविक वेळेवर न मिळाल्यानेही माणसे मरतात, हे विसरून चालणार नाही.

या पेचातून मला वाट दाखविली ती लहानपणी श्रावणी सोमवारी ऐकलेल्या खुलभर दुधाच्या कहाणीने. राजाच्या हुकुमाने साऱ्या गावाने मुलाबाळांच्या, वासरांच्या तोंडचे दूध आणून गाभाऱ्यात ओतले, तरी गाभारा भरला नाही. म्हातारीने घरच्या लेकरांना पाजले, वासरांना पाजले आणि उरलेले खुलभर दूध देवाला वाहिले, गाभारा भरला. जवळच्यांचे कर्तव्य आणि सर्वांचे कर्तव्य यांत आपण समजतो तसा विरोध नसतो, असा मी तिचा अर्थ घेतो. वैद्यकातही तसेच आहे. चुकीचे प्रतिजैविक समोरच्या रुग्णालाही फसवितेच: क्षय असलेल्याला न्युमोनिया समजून काही विशिष्ट गोळ्या दिल्या, तर ताप तात्पुरता उतरतो आणि खरे निदान आठवडेच्या आठवडे लांबते. रोग नेमका ओळखला गेला की समोरच्या रुग्णाचे हित आणि अनोळखी माणसाचे हित बहुधा एकच होते. निदान वगळले, की ते दोघे एकमेकांचे वैरी होतात.

अतिगंभीर रुग्णाचे उत्तरही यातच आहे. नमुना घ्यावा, त्याच क्षणी व्यापक औषध सुरू करावे, आणि अहवाल येताच नेमक्या औषधावर यावे. घाई आणि विवेक यांना एकत्र नांदविता येते. मजुराच्या प्रश्नाचे उत्तर मात्र व्यक्तीपाशी नाही. ते समाजाने द्यावयाचे आहे. तपासणी स्वस्त आणि जवळ असली पाहिजे. १८९२ साली आजव्याचे शुद्ध पाणी शहरात आणताना महाराजांनी हेच ओळखले होते: जो रोग झालाच नाही त्याला औषध लागत नाही.

डॉक्टरांनाही या हिशेबातून सुटका नाही. मुकुंद उपलेकर व डोनाल्ड शेपर्ड यांच्या १९९१ सालच्या अभ्यासात धारावीतील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या होत्या. २०१० मध्ये डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ डॉक्टरांपैकी अचूक उत्तर देणारे सहाच निघाले. पुढे लवकरच, तपासलेल्या साऱ्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण मुंबईत आढळल्याचे त्यांनीच जाहीर केले. मार्च २०१४ पासून अनेक महत्त्वाची प्रतिजैविके ‘एच-१’ या परिशिष्टात आली. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव नोंदविणे बंधनकारक झाले. पण कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोचतो, आमच्या फडताळापर्यंत पोचत नाही.

तेथे आपल्यालाच पोचावे लागेल. डॉक्टरांनी “याला अँटिबायोटिकची गरज नाही” असे सांगितले तर फी वाया गेली असे न मानणे, हे पहिले. हे वाक्य लिहून देण्यापेक्षा बोलायला अधिक धैर्य लागते आणि त्याचीच खरी फी असते. पहिल्या गोळीच्या आधी तपासणीचे विचारणे, हे दुसरे. औषध किती दिवस घ्यावयाचे ते डॉक्टरांनी ठरविल्याप्रमाणे पाळणे, हे तिसरे. अलीकडे काही आजारांत पूर्वीपेक्षा थोडे दिवसही पुरतात असे आढळले आहे, तर क्षयात महिन्यांचा नेम मोडता येत नाही. म्हणजे दिवस मोजण्याचे कामही आपले नव्हे.

माझा वाटा मोजता येत नाही म्हणून तो शून्य आहे, असे गणिताच्या शिक्षकाने तरी म्हणू नये. वहिनी घरी परतल्या त्या आठवड्यात मी तो पत्र्याचा डबा रिकामा केला. त्यांनी खाटेवरून पाहिले आणि विचारले, “भाऊजी, मग आता त्यात काय ठेवणार?” मला उत्तर सुचले नाही. सध्या त्यात त्यांचे तपासण्यांचे अहवाल, तारीखवार लावून ठेवलेले आहेत.

आपल्या मराठीत ‘निदान’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: कमीत कमी. अधिक काही जमले नाही, तरी एवढे तरी व्हावे, असे सांगताना आपण तो वापरतो. टॉवरखालून जाताना हल्ली मला दोन्ही अर्थ एकदम आठवतात. जिच्यासाठी औषधच नव्हते तिच्या स्मारकाखाली उभे राहून, हाती आलेले औषध ओळख न पटविता उधळू नये. निदान एवढे तरी आपल्याकडून व्हावे.