ओळखीचा पोलीस

13 जुलै 2018 रोजी बीदर जिल्ह्यातल्या मुरकी गावात जे घडले, ते सीमाभागातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याने लक्षात ठेवायला हवे. हैदराबादकडून आलेल्या चौघांनी जवळच्या एका गावात मुलांना चॉकलेट वाटली. ‘पोरं पळवणारे आले’ असा निरोप व्हॉट्सॲपवरून फिरला आणि त्यांच्या गाडीच्या आधी मुरकीत पोचला. तिथे रस्ता अडवलेला होता. गाडी खड्ड्यात गेली आणि जमाव तिच्यावर तुटून पडला. एक तरुण अभियंता त्यात मारला गेला. पोलीस आले होते. अडकलेल्यांना सोडवताना त्यांनीही मार खाल्ला, काही जण जखमी झाले.

त्या पोलिसांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण शेकडो माणसे आणि मूठभर शिपाई असा सामना असतो, तेव्हा लाठी निरुपयोगी ठरते. तिथे एकच गोष्ट चालण्यासारखी असते, ती म्हणजे ओळख. ‘अरे, तू अमक्याचा पोरगा ना? हो मागे, मी बघतो’ हे वाक्य ज्याला त्या गावच्या बोलीत म्हणता येते, तो पोलीस. मुरकीत एवढ्याने भागले असते असा माझा दावा नाही. मात्र असे म्हणू शकणारी माणसे ठाण्यात असावीत, टिकावीत, यासाठी आपली व्यवस्था काहीच करत नाही, हे मी ठामपणे म्हणतो.

याच जिल्ह्यातल्या हुलसूरचेच घ्या. बसवकल्याणमधून वेगळा झालेला हा छोटा तालुका. बाजारात कन्नड, मराठी आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. ठाण्याचा कागद मात्र कन्नडमध्ये. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेली बाई मराठीत सांगणार, फौजदार कन्नडमध्ये ऐकणार, रायटर आपल्या समजुतीप्रमाणे लिहिणार. फिर्याद तक्रारदाराला वाचून दाखवलीच पाहिजे, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 154 मध्ये होते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येही आहे. पण जे वाचले जाते ते तिला कळतच नसेल, तर त्या वाचण्याने तिचे काय रक्षण झाले?

हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबाराची भाषा उर्दू, ठाण्याचा प्रमुख अमीन, आणि गावात पोलीस पाटील. त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. हुलसूरहून फार लांब नसलेल्या गोरट्यात मे 1948 मध्ये रझाकारांनी कत्तल केली, तेव्हा लोकांच्या मदतीला कोणीही आले नाही. आपले रक्षण करणारे कोणी नाही ही भावना या मातीत खोलवर आहे. 1956 मध्ये बीदर म्हैसूर राज्यात गेले, तर निलंगा आणि उदगीर मुंबई राज्यात. पुढे कर्नाटकाने 1961 च्या कायद्याने गावकामगारांची वतनी पदे रद्द केली. महाराष्ट्राने 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने वंशपरंपरा काढून टाकली, पद ठेवले. म्हणून सीमेपलीकडच्या निलंगा तालुक्यातल्या गावात आजही त्याच गावचा रहिवासी पोलीस पाटील आहे. इकडे हुलसूरमध्ये तसा कोणी नाही. पाटील गटबाजीत अडकतो हे मला मान्य आहे. तरीही रात्री दोन वाजता कोणाचे दार ठोठावायचे हे तिथल्या माणसाला माहीत असते.

मग स्थानिक मुलेच पोलिसात का जात नाहीत? जातात, पण वाट अवघड आहे. राज्यघटनेच्या 371-जे कलमामुळे कल्याण कर्नाटकातल्या उमेदवारांना ‘क’ गटाच्या स्थानिक पदांत 80 टक्के आरक्षण आहे, आणि ही मोठी सोय आहे. पण शिपाईपदाची लेखी परीक्षा कन्नड आणि इंग्रजीत होते. मराठी शाळेत दहावी झालेला मुलगा सोळाशे मीटर वेळेत धावू शकतो, पण पेपरात अडतो. 1956 च्या केंद्राच्या निवेदनात भाषिक अल्पसंख्याकांना आश्वासन दिलेले आहे: भरतीच्या वेळी राज्यभाषेची अट नको, परिविक्षाकाळ संपण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी. ते कागदावरच राहिले. दुसरीकडे महाराष्ट्राने 10 जुलै 2008 च्या निर्णयाने कर्नाटकातल्या, आपण दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषकांना आपल्या नोकऱ्यांसाठी पात्र ठरवले. मुलांचे भले होते, त्यांनी जावेच. पण सीमाभागाची बोली येणारा एकेक तरुण अशा रीतीने इथल्या ठाण्यांपासून दूर जातो.

जे अभ्यास करून थांबतात, त्यांच्या वाट्याला काय आले? 3 ऑक्टोबर 2021 रोजी कर्नाटकात 545 फौजदारपदांसाठी परीक्षा झाली. सुमारे 54 हजार उमेदवार बसले. कलबुर्गीतल्या एका परीक्षाकेंद्रावर एका उमेदवाराने अवघे 21 प्रश्न सोडवूनही त्याला 121 गुण मिळाल्याचे तपासात पुढे आले. उत्तरपत्रिका मागाहून भरल्या गेल्या होत्या, असा आरोप ठेवला गेला. भरती विभागाच्या प्रमुखपदी राहिलेल्या अतिरिक्त महासंचालकांनाही अटक झाली. निवड रद्द होऊन फेरपरीक्षा झाली ती 23 जानेवारी 2024 रोजी. लाखो रुपये मोजून खाकी मिळवणारा माणूस ठाण्यात बसून पहिल्यांदा काय वसूल करेल, हे सांगायला नको. आणि ज्या शेतकऱ्याच्या पोराने प्रामाणिकपणे पेपर दिला, त्याची सव्वादोन वर्षे गेली. ती वर्षे त्याला कोण परत देणार?

पगाराचा प्रश्न थोडा सुटला. जून 2016 मध्ये पोलिसांनी सामूहिक रजेचा इशारा दिल्यानंतर औरादकर समितीच्या शिफारशी पुढे आल्या आणि 2019 मध्ये वेतन वाढले. बदल्यांचा प्रश्न मात्र बरीच वर्षे तसाच राहिला. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षे द्या असे सांगितले. कर्नाटकाने ती मुदत एक वर्षावर आणली आणि 2024 मध्ये पुन्हा दोन वर्षांकडे वळले. एका वर्षात फौजदाराला गावांची नावेसुद्धा नीट पाठ होत नाहीत.

‘स्थानिक पोलीस आणला की जात आणि सोयरेपण आलेच,’ असा आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. पण परका पोलीस आपोआप न्यायी होत नाही. जानेवारी 2020 मध्ये बीदरच्या शाहीन शाळेतल्या नाटकावरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. मुलांची पुन्हा पुन्हा चौकशी झाली, तीही गणवेशातल्या शस्त्रधारी पोलिसांकडून. ऑगस्ट 2021 मध्ये उच्च न्यायालयाने यात बाल न्याय कायद्याचा प्रथमदर्शनी भंग असल्याचे म्हटले, आणि जून 2023 मध्ये कलबुर्गी खंडपीठाने तो गुन्हाच रद्द केला. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घाम फोडणारा पोलीस परिसरातला होता की परका, याने त्या मुलाला फरक पडला नाही. फरक पडला असता तो वेळीच जाब विचारणाऱ्या यंत्रणेने. निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरण असावे, हेही त्याच 2006 च्या निकालात आहे. सोयरेपणाचा धाक वाटतो त्यांनी हे प्राधिकरण मागावे, स्थानिक माणसाला दूर ठेवू नये.

2025 मध्ये कर्नाटकाने ‘मने मनेगे पोलीस’ म्हणजे घरोघरी पोलीस ही योजना सुरू केली, 40 ते 50 घरांचा एक गट धरून. कल्पना उत्तम आहे. बीदरच्या पोलीस अधीक्षकांना माझी विनंती आहे की हुलसूर, भालकी, औराद आणि कमलनगरचे बीट वाटताना मराठी येणाऱ्या शिपायाला आधी विचारा आणि त्याला दोन वर्षे हलवू नका. आणि इथल्या मराठी शाळांच्या मुख्याध्यापकांना विनंती आहे की कन्नड केवळ पास होण्यापुरते शिकवू नका. 1956 चे आश्वासन मिळवण्यासाठी भांडूच, पण तोवर आपला मुलगा त्या पेपरात नापास होता कामा नये. हुलसूरच्या ठाण्यात त्या बाईची फिर्याद तिच्या भाषेत ऐकून कन्नडमध्ये बिनचूक लिहिणारा माणूस आपल्याच वर्गातून जायचा आहे.