शंकासमाधान : बीठल कोणाचा?

शंका : आमच्या घरी पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्या आहे. नांदेडला राहत असल्यामुळे सचखंड हुजूर साहिबलाही आम्ही माहेरी जावं तसं जातो. मागे एकदा तिथे नामदेवांचा शबद सुरू होता. ‘बीठल’ हा शब्द कानावर पडला आणि मला भरून आलं. शेजारी बसलेल्या शीख ताईंना म्हटलं, “हा आमचा विठोबा.” त्या शांतपणे म्हणाल्या, “नाही, बीठल म्हणजे निराकार परमात्मा. मूर्ती नव्हे.” मी गप्प बसले, पण मनाला लागलं. आपल्या नामदेवांचा देवच कोणी काढून घेतल्यासारखं वाटलं. मी वाद घालायला हवा होता का?
— एक वारकरी भगिनी, नांदेड

समाधान : ताई, तुम्ही गप्प बसलात हे चांगलं झालं, आणि मनाला लागलं तेही खरंच आहे. दोन्हींसाठी जागा आहे.

आधी त्या ताईंची बाजू ऐकू या. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांचे ६१ शबद आहेत. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी भाई गुरदासांच्या हातून आदिग्रंथ लिहवून घेतला, तेव्हा कबीर, रविदास, शेख फरीद यांच्यासोबत आपल्या या शिंप्यालाही मांडीला मांडी लावून बसवलं. पुढे १७०८ साली तुमच्याच गावात दशमगुरूंनी ग्रंथाला गुरुगादी दिली. तेव्हापासून शिखांच्या दृष्टीने नामदेवांचा शब्द हा गुरूचा शब्द आहे, पाहुण्याचा नव्हे. आणि गुरूचा शब्द ते सगळ्या ग्रंथाच्या सुरात लावून ऐकतात. ग्रंथाचा सूर निराकाराचा आहे. प्रोफेसर साहिब सिंग यांच्या ‘गुरू ग्रंथ साहिब दर्पण’ या दहा खंडांच्या टीकेत ‘बीठल’ची फोड ‘वि’ आणि ‘स्थल’ अशी केली आहे : मायेपासून दूर, पलीकडे असलेला तो. शिवाय ‘बीठुल’ हा शब्द खुद्द गुरू अर्जनदेवांनीही आपल्या बाणीत परमात्म्यासाठी वापरला आहे. गुरू अर्जन काही पंढरीला माळ घालून गेले नव्हते. तेव्हा शेजारच्या ताईंनी मनचं काही सांगितलं नाही, त्यांच्या परंपरेतला रुळलेला अर्थ सांगितला.

आता तुमची बाजू. शब्दाचा इतिहास म्हणून मला ‘वि-स्थल’ ही फोड पटत नाही. नामदेवांच्या तोंडी तो शब्द आला तो चंद्रभागेच्या वाळवंटातून आला, संस्कृत व्याकरणाच्या पोथीतून नव्हे. गुरू अर्जनांपर्यंत तो पोहोचला तोही बहुधा नामदेवांच्याच पदांमधून. हे सांगताना मला जरासुद्धा संकोच वाटत नाही.

पण थांबा. नामदेवांना गुरू कोण मिळाला आणि कुठे? नांदेडहून हिंगोलीकडे गेलात की औंढा नागनाथ लागतं. विसोबा खेचर तिथे पिंडीवर पाय ठेवून पडले होते, आणि नामदेवांनी ते पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंड उमटत होती, ही कथा आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे. देव नाही अशी जागाच नाही, हा धडा नामदेवांना महाराष्ट्रातच मिळाला. औंढ्याच्याच देवळात नंदी मागच्या बाजूला आहे. नामदेवांना पुढून हाकललं, ते मागे जाऊन भजनाला बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असं तिथली माणसं सांगतात. देऊळ फिरल्याची ही कथा गुरू ग्रंथ साहिबातल्या एका शबदात नामदेवांच्याच तोंडून येते. जातीवरून हाकललं गेल्याची कळ त्यात अजून ओली आहे.

म्हणजे विटेवरचा आणि विटेत न मावणारा, हे दोघे नामदेवांच्या मनात केव्हाच एक झाले होते. तुम्ही विटेवरच्याला ओळखलंत, त्या ताईंनी विटेत न मावणाऱ्याला. शब्द कुठून आला हा एक प्रश्न, आणि तो आज भाविकाला काय सांगतो हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या डोक्यावर मारलं की भांडण होतं. पुढच्या वेळी त्या ताईंना औंढ्याला घेऊन जा. नंदी दाखवा.

शंका : गुरू ग्रंथ साहिबाचा अर्थासह असलेला एक खंड मला भेट मिळाला आहे. तो देव्हाऱ्यात ठेवावा की पुस्तकांच्या कपाटात? आम्ही शीख नाही.
— एक वाचक, पनवेल

समाधान : संपूर्ण मूळ बीड, म्हणजे पूर्ण ग्रंथाची प्रत, घरी असेल तर तिची मर्यादा मोठी आहे. वेगळी खोली, ग्रंथासाठी मंजी, वर चांदवा, सकाळी प्रकाश म्हणजे ग्रंथ उघडणं, रात्री सुखासन म्हणजे तो मिटून ठेवणं. ती जबाबदारी उगाच कोणी घेऊ नये. अर्थासहित एक खंड म्हणजे अभ्यासाचं पुस्तक, पण त्यात मूळ बाणी छापलेली आहे. स्वच्छ रुमालात गुंडाळून उंच जागी ठेवा, वाचताना डोकं झाका, हात धुऊन घ्या, पायाशी किंवा अंथरुणात ठेवू नका. आणि वाचा. न वाचता पुजलेल्या पुस्तकाचा धनी होऊ नका.

शंका : मी मुंबईत वाढलेला शीख आहे, शाळा मराठी माध्यमाची. निवृत्तीनंतर शीख इतिहासावरची इंग्रजी पुस्तकं वाचू लागलो. आमच्या संगतीतले एक ज्येष्ठ म्हणाले, “मॅकलॉडचं पुस्तक घरात ठेवणं हा गुरूचा अनादर आहे. बाहेरच्यांना आपली बाणी कळत नाही.” मी पुस्तक गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं आहे. माझं चुकलं का?
— एक निवृत्त शिक्षक, मुंबई

समाधान : गुरुजी, पुस्तक माळ्यावरून खाली काढा.

तुमच्या ज्येष्ठांचा राग मात्र हवेतून आलेला नाही, म्हणून त्याची मुळं पाहू. इंग्रज सरकारच्या इंडिया ऑफिसने अर्नेस्ट ट्रुम्प या जर्मन पंडिताला आदिग्रंथाचं भाषांतर करायला सांगितलं. ते १८७७ मध्ये छापलं गेलं, तेही काही भागाचंच. ट्रुम्प भाषापंडित होता, सिंधीचं व्याकरण त्याने लिहिलं होतं. पण अमृतसरच्या ग्रंथींसमोर त्याने पोथीवर चिरूटाचा धूर सोडल्याची हकीकत शीख आजही सांगतात. ग्रंथींनी सांगितलेले अर्थ त्याने बाजूला सारले आणि ग्रंथ विस्कळीत व उथळ असल्याचं प्रस्तावनेत लिहून टाकलं. ज्या पुस्तकासमोर माणसं चौर ढाळतात, त्यावर धूर! ती जखम दीडशे वर्षांत भरलेली नाही आणि ती भरायला हवी होती असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

पण त्याच जखमेवर औषध घेऊन आलेला माणूसही बाहेरचाच होता. मॅक्स आर्थर मेकॉलिफ, आयर्लंडचा, पंजाबात सरकारी अधिकारी. १८९३ साली नोकरी सोडली आणि ग्रंथ शिकायला ज्ञानींच्या पायाशी बसला. काहन सिंग नाभांसारखा विद्वान त्याच्या सोबतीला होता. केलेला अनुवाद तो शीख जाणकारांना दाखवून दुरुस्त करून घेई. १९०९ मध्ये त्याचे ‘द सिख रिलीजन’चे सहा खंड ऑक्सफर्डहून निघाले. ट्रुम्प आणि मेकॉलिफ दोघेही परदेशी, दोघेही परधर्मात जन्मलेले. एकाने शिकवणाऱ्यालाच अडाणी ठरवलं, दुसऱ्याने त्याच्याकडून संथा घेतली.

मॅकलॉड यांचं प्रकरण अधिक अवघड आहे. न्यूझीलंडचे हे गृहस्थ मिशनतर्फे पंजाबात शिकवायला आले आणि इतिहासकार झाले. १९६८ च्या ‘गुरू नानक अँड द सिख रिलीजन’ या पुस्तकात त्यांनी जनमसाख्यांतली, म्हणजे नानकांच्या पारंपरिक चरित्रांतली, एकेक कथा पुराव्याच्या चाळणीतून काढली. चाळणीत फार थोडं उरलं. नानकांना त्यांनी उत्तरेच्या संतपरंपरेत बसवलं, म्हणजे कबीरांच्या आणि आपल्या नामदेवांच्याच ओळीत. मराठी माणसाला यात काय वावगं, असं वाटेल. पण शिखांसाठी बाणी ‘धुर की’, थेट परमेश्वराकडून उतरलेली. ती आधीच्या कुणाची पुढची पायरी म्हटली की गुरूचं गुरुपणच कमी केल्यासारखं होतं. हा आक्षेप मला समजतो. मॅकलॉड यांच्यावर माझाही एक आक्षेप आहे : कागदावर न सापडलेलं घडलंच नाही, या बाजूला त्यांची लेखणी वारंवार कलते. ज्या समाजाच्या पोथ्या लढायांत आणि पळापळीत गेल्या, त्याच्या आठवणीला याहून अधिक किंमत द्यायला हवी होती.

तरीही त्यांना ‘बाहेरचे’ म्हणून सोडवता येत नाही, कारण तोच वाद पुढे घरच्यांवरही आला. आदिग्रंथाच्या जुन्या हस्तलिखितांवरचं प्यार सिंग यांचं पंजाबी पुस्तक १९९२ साली अमृतसरच्याच विद्यापीठाने छापलं आणि विरोध उसळल्यावर मागे घेतलं. पशौरा सिंग यांच्या याच विषयावरच्या टोरांटोच्या प्रबंधावरून १९९४ मध्ये त्यांना अकाल तख्तासमोर उभं राहावं लागलं. दोघेही शीख, दोघांनीही तख्ताचा निवाडा मान झुकवून घेतला. तख्ताचा अधिकार पंथाचा आहे, त्यावर मी बाहेरून बोलणार नाही. पाठभेदांच्या प्रश्नाबद्दल मात्र माझं मत आहे आणि ते लपवणार नाही : पोथीच्या प्रश्नाला पोथीच उत्तर देते. जी. बी. सिंग यांनी १९४४ च्या पुस्तकात करतारपुरी बीड, म्हणजे गुरू अर्जनदेवांनी लिहवून घेतलेली मूळ प्रत मानली जाणारी पोथी, अस्सल नसल्याची शंका काढली होती. भाई जोध सिंग यांनी काय केलं? करतारपूरला जाऊन त्या ९७४ पत्रांच्या बिडीचं पान न् पान पाहिलं, कुठे काय खोडलंय, समासात काय लिहिलंय, कुठे जागा कोरी सोडलीय हे टिपलं, आणि १९६८ साली ‘करतारपुरी बीड दे दर्शन’ हे पुस्तक समोर ठेवलं. तेवढं बळ असलेल्या परंपरेला गोणपाटाची गरज नाही.

आपल्याकडेही पाहा ना. पाठ बिघडले म्हणून नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचं शुद्धीकरण केलं. पाठभेद असतात हे मान्य केल्याशिवाय शुद्धी कशी होणार? आणि उलटंही पाहा : २००४ च्या जानेवारीत एका परदेशी लेखकाच्या शिवचरित्रावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेत मोडतोड झाली, तेव्हा त्या लेखकाचं काही बिघडलं नाही, फटका बसला तो आपल्याच पोथ्यांना.

मॅकलॉड वाचा. पेन्सिल हातात धरून वाचा. शेजारी साहिब सिंगांचं दर्पण उघडं ठेवा. जिथे राग येईल तिथे समासात लिहा : हा राग चुकीच्या माहितीचा, की माझ्या ऐकिवात नसलेल्या माहितीचा?

शंका : मी २१ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंग करतो. आम्ही नांदेडचे दखनी शीख, घरात मराठीच. मला गुरमुखी येत नाही. फोनवर देवनागरीतून नितनेम करतो, खाली इंग्रजी अर्थ असतो. दादाजी म्हणतात, “हे वाचन नव्हे.” अर्थ न कळता गुरमुखी घोकण्यापेक्षा अर्थ कळून वाचणं बरं नाही का?
— एक विद्यार्थी

समाधान : बाळा, तुझं नितनेम वाया जात नाही. ते आधी मनातून काढून टाक. पण दादाजी ज्याला वाचन म्हणतात ते काय, हे एकदा बघ.

मी गुरमुखी शिकलो ती एका वृद्ध भाईसाहेबांकडे. पहिल्या आठवड्यात त्यांनी काहीच पुढे वाचू दिलं नाही. ‘नानक’ हा शब्द दाखवला आणि अक्षराखालच्या एका बारीक रेघेशी बोट नेलं. तो उकार होता. ‘नानकु’ असेल तर नानक कर्ता. नुसतं ‘नानक’ असेल तर बहुधा हाक : हे नानका. आणि ‘नानकि’ असेल तर नानकाने. उच्चारात हा उकार-इकार जवळजवळ ऐकू येत नाही, पण अर्थ त्याच्यावर उभा आहे. हे नियम साहिब सिंगांनी आयुष्य घालून बांधले. मला तर त्या क्षणी ज्ञानेश्वरी आठवली. ‘अर्जुनु’, ‘देवु’ हा उकार आपल्या जुन्या मराठीत कर्त्याच्या अंगावर असाच बसतो. तुझ्या फोनवरच्या देवनागरीत तो उकार छापलेला असतो, पण तुझी नजर त्याच्यावरून घसरते, कारण खालचा इंग्रजी अर्थ ओढत असतो.

आणि तो इंग्रजी अर्थ तरी काय देतो? ‘हउमै’ला तिथे ‘ईगो’ असतं. तुला मराठी येतं. ‘हउ’ म्हणजे मी, ‘मै’ म्हणजेही मी. मीमी, मीपणा. तुझ्या आजीच्या तोंडातला शब्द तुझ्या हाताशी असताना तू परक्याकडून उसना घेतोस. उलट ‘हुकम’ला मराठीतला हुकूम समजू नकोस, तिथे कचेरीचा वास येतो आणि बाणीतल्या हुकमात तर सूर्य-चंद्र चालतात. इंग्रजीत देवाला पुरुष करून टाकणारे ‘लॉर्ड’ आणि ‘ही’ हे शब्द निक्की-गुनिंदर कौर सिंग यांनी १९९५ च्या आपल्या अनुवादात मुद्दाम टाळले, कारण मूळ बाणी परमात्म्याला आईही म्हणते. अनुवादकाला प्रत्येक ओळीत असं काहीतरी निवडावं लागतं आणि निवडताना काहीतरी हातचं सोडावं लागतं. म्हणूनच हुकमनामा, म्हणजे ग्रंथ उघडून घेतलेला त्या दिवसाचा शबद, नेहमी मुळातून घेतात, अनुवादातून नाही.

जुन्या बिडी लडीवार आहेत, म्हणजे सगळे शब्द सलग, मध्ये फट नाही. आपल्या मोडीसारखंच. कुठे तोडायचं हे वाचणाऱ्याला कळावं लागतं, आणि ते ऐकून ऐकूनच कळतं. तेव्हा तू ज्याला घोकणं म्हणतोस, त्यात पिढ्यांनी अर्थ जपून ठेवला आहे.

रेहत मर्यादा ही शिखांची आचारसंहिताही शिखाने गुरमुखी शिकावी असंच सांगते, पण मी नियम म्हणून सांगत नाही. पैंतीस अक्षरं आहेत, म्हणून तिला पैंतीच म्हणतात. देवनागरी येणाऱ्याला दोन आठवडे पुरतात. मात्र फोनवर शिकू नकोस. संध्याकाळी रहिरासच्या आधी अर्धा तास दादाजींकडून संथा घे. दखनी घरातही हाच शब्द आहे ना? आणि जपुजी एकदम धरू नकोस. नामदेवांचा एक शबद घे. त्यात ‘रहाउ’ लिहिलेली ओळ शोध. अभंगाचं ध्रुपद असतं तशी ती आहे, शबदाचा जीव तिथे असतो. त्या ओळीतले उकार बोटाने मोज आणि दादाजींना विचार, हा इथे का आहे. त्यांनाही कदाचित सगळे सांगता येणार नाहीत. मग दोघे मिळून साहिब सिंग उघडा.