पत आणि प्रायश्चित्त

घेतलेले ऋण फेडले म्हणजे माणूस मोकळा झाला, असे आपण सहज म्हणतो. शास्त्रही तसेच म्हणते. याज्ञवल्क्यांनी व्यवहाराध्यायात सांगून ठेवले आहे की, ऋणको थोडेथोडे देत असेल तर प्रत्येक वेळी त्याची नोंद खताच्या पाठीवर करावी, नाहीतर धनकोने आपल्या हातची पावती द्यावी. आणि सगळे फिटले की खत फाडून टाकावे. खत फाडता येण्यासारखे नसेल तर शुद्धीसाठी दुसरा लेख करून घ्यावा. ‘शुद्धी’ हा शब्द तेथे मुद्दाम योजला आहे. आता शंका अशी की, ऋण तर फिटले, पण खत कोणी फाडलेच नाही, उलट पुढची काही वर्षे ते चारचौघांना दाखवीत राहिले, तर त्या माणसाने काय करावे? आणि ज्यांना ते दाखवले जाते, त्यांनी काय करावे?

ही शंका पोथीतली नाही. एका माळकरी घरातल्या मुलाने ती अमेरिकेतून विचारली आहे. त्याचे आजोबा आमच्या दिंडीत वीणा घेऊन चालत. मुलगा लहानपणीच आईबापांबरोबर तिकडे गेला, आता तिकडचाच नागरिक आहे, न्यू जर्सीत राहतो. मध्यंतरी नोकरी गेली, आठ महिने घरी बसला, दोन क्रेडिट कार्डांचे हप्ते थकले. पुढे नोकरी लागली आणि त्याने व्याजासकट सगळे फेडले. लग्न ठरले म्हणून भाड्याचे अपार्टमेंट पाहू लागला, तर तीन ठिकाणी नकार मिळाला. पगार पुरेसा होता. नडला तो क्रेडिट स्कोअर. तो विचारतो, “बुवा, मी कोणाचा एक पैसाही देणे लागत नाही. मग माझ्यावर अजून कोणते ऋण उरले आहे?” आणि पुढे जरा चाचरत विचारतो, “एक मित्र म्हणतो, घर माझ्या नावावर घे आणि राहा तू. त्यात काही पाप आहे का?”

तिकडची रीत आधी समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे पूर्वी पेठेत माणसाची पत तोंडोतोंडी असे. अमुक शेटजींचा शब्द चालतो, तमक्याची हुंडी कोणी घेत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक. अमेरिकेत ही तोंडोतोंडीची पत तीन मोठ्या पेढ्यांच्या दप्तरात गेली आहे. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन ही त्यांची नावे. कोणी किती कर्ज घेतले, हप्ता वेळेवर दिला की नाही, याच्या नोंदी त्या ठेवतात. या नोंदींचा अर्क काढून एक आकडा करतात. 1989 पासून चालत आलेला फिको स्कोअर हा त्यातला प्रसिद्ध आकडा, 300 पासून 850 पर्यंत. त्यात सगळ्यांत मोठा वाटा, सुमारे 35 टक्के, वेळेवर फेड केली की नाही याचा. सुमारे 30 टक्के वाटा आजच्या देण्याचा, म्हणजे जेवढी उधारी मिळते त्यातली किती वापरून टाकली याचा. बाकीचा वाटा खाती किती जुनी, नवी कर्जे किती मागितली अशा गोष्टींचा. आणि गंमत पाहा, माणूस कमावतो किती, हे त्या आकड्यात नाहीच! लाखो कमावणारा विसराळू माणूस तेथे खाली बसतो आणि बेताचा पगार असलेला नेमस्त माणूस वर बसतो.

1970 च्या तिकडच्या कायद्याने या दप्तराला मर्यादा घातली. थकलेल्या हप्त्याची नोंद साधारण सात वर्षे राहते, दिवाळे काढले असेल तर दहा वर्षांपर्यंत. पुढे ती काढून टाकावी लागते. म्हणजे खत तेथेही फाडतात. फक्त देणे फिटल्या दिवशी फाडत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, हा उघड अन्याय आहे. फिटलेले ऋण पुन्हा पुन्हा कशाला उगाळायचे? मुलाचेही म्हणणे हेच. मला ते अर्धेच पटते. ऋण आणि पत या दोन वस्तू आहेत. ऋण दोघांत असते. घेणारा आणि देणारा. दिले की संपले. पत मात्र तिसऱ्याच्या मनात असते. घरमालकाने या मुलाला कर्ज दिले नव्हते, त्याचे काही बुडालेही नव्हते. तो एवढेच पाहतो की, आपले घर याच्या हाती दिले तर पहिल्या तारखेला भाडे येईल का. त्याच्याही डोक्यावर घराचे कर्ज असते, कर असतो, पाइप फुटतो. अनोळखी माणसाला किल्ली देताना त्याने चौकशी केली तर तो दुष्ट ठरत नाही.

पण याचा अर्थ तो आकडा म्हणजे माणसाच्या योग्यतेवर धर्माने दिलेला निवाडा, असा मुळीच नाही. या ठिकाणी मिताक्षरेची आठवण होते. विज्ञानेश्वर हे कल्याणीच्या चालुक्य राजाच्या काळचे. प्रायश्चित्ताचे विवरण करताना ते पापाच्या दोन शक्ती मानतात. एक नरकास नेणारी, दुसरी लोकांतला व्यवहार अडवणारी. याज्ञवल्क्यांचा सिद्धान्त असा की, नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्याचे प्रायश्चित्त घेतले तर माणूस निदान व्यवहार्य होतो, म्हणजे लोकांनी त्याच्याशी देणेघेणे ठेवावे इतका. आमच्या पाठशाळेत या ओळींवर दोन दिवस वाद चालला होता. तेव्हा तो शब्दांचा खेळ वाटे. आता वाटते, किती बारीक पाहिले आहे! आतली शुद्धी वेगळी आणि लोकांनी पुन्हा दारात उभे करणे वेगळे. एक झाली म्हणजे दुसरी आपोआप होते असे नाही.

या मुलाच्या बाबतीत तर पहिल्या शक्तीचा प्रश्नच नाही. नोकरी जाणे हे पाप नव्हे. बुडवण्याची बुद्धी नव्हती, हाती येताच फेडले. अडवते आहे ती दुसरी शक्ती. आकड्याला कारण दिसत नाही. आईच्या शस्त्रक्रियेत हप्ता राहिला आणि जुगारात राहिला, दोन्ही तेथे सारखेच लिहिले जाते. हा त्या दप्तराचा आंधळेपणा आहे आणि तो तिकडच्या लोकांनाही टोचतो. म्हणून तर 2022 आणि 2023 मध्ये त्या तीन पेढ्यांनी फिटलेली आणि 500 डॉलरांच्या आतली दवाखान्याची देणी आपल्या नोंदींतून काढली. आजारपणावरून माणसाची सचोटी मोजू नये, इतके त्यांना समजले.

आता दुसरी बाजू. हा आकडा जात विचारत नाही. तिकडे 1968 च्या कायद्याने वर्ण किंवा धर्म पाहून घर नाकारणे बेकायदा ठरवले. कायदा असला तरी मनातले सगळे जात नाही, हे खरे. पण निदान तोंडावर तसे विचारता येत नाही. आपल्याकडे खोली मागायला जा. आडनाव काय, गाव कोणते, खाणेपिणे काय, असे फिरवून फिरवून विचारतात आणि मग “पाहुणे यायचेत हो” म्हणून दार लावतात. हे करणाऱ्यांच्या गळ्यात माळ असलेलीही मी पाहिली आहे. त्यापेक्षा ‘तू वेळेवर दिलेस का’ एवढेच विचारणारा आकडा अधिक वारकरी म्हणायचा की काय!

मग गेलेली पत परत कशी येते? एका दमात मोठी रक्कम भरून येत नाही. मुलाने तसे करून पाहिले आणि तो निराश झाला, कारण फेड एका दिवसात झाली, आकडा मात्र इंच इंच वर सरकला. वारकऱ्याला हे समजावून सांगायला नको. कोणी एकदाच येऊन पांडुरंगाला सोन्याचा मुकुट वाहिला म्हणून तो वारकरी होत नाही; आषाढी-कार्तिकीला, पावसात, तापात, जो येत राहतो तो वारकरी. पत हीसुद्धा वारीच आहे, दर महिन्याची.

तेव्हा पहिले काम आपले दप्तर स्वतः वाचणे. तिन्ही पेढ्यांची नोंद आता दर आठवड्यालाही फुकट पाहता येते. चुकीची नोंद असेल तर हरकत घ्यावी. साधारण 30 दिवसांत त्यांना तपास करावा लागतो. नोंद पाहून घर नाकारले असेल तर ती कोणत्या पेढीची, हे घरमालकाने सांगितलेच पाहिजे आणि 60 दिवसांच्या आत तिची नक्कल फुकट मागता येते. फेड केल्याचा कागद जपून ठेवावा. दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बेदरला गेलेल्या देवानेसुद्धा रक्कम भरून पावती घेतली, मग आपण कोण?

दुसरे, लहान उधारी घ्यावी आणि नेमाने फेडावी. तिकडे अनामत ठेवून मिळणारे कार्ड असते. दोनशे डॉलर ठेवले की तेवढ्याचीच उधारी. त्यावर किराणा आणावा, सगळे बिल तारखेच्या आत भरावे, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शावर खर्च जाऊ देऊ नये, आणि दर आठवड्याला नवी कर्जे मागत सुटू नये. हप्ता 30 दिवस थकला की नोंद होते, म्हणून तारीख एकादशीसारखी पाळावी.

तिसरे, पत धुऊन देणाऱ्या भोंदूंपासून दूर राहावे. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. त्यासाठी आगाऊ पैसे मागणे 1996 च्या तिकडच्या कायद्याने मना आहे. दुसराच नऊ आकडी क्रमांक लावून नवी कोरी पत देतो म्हणणारेही भेटतात. त्यांच्या नादी लागणारा स्वतःच गुन्ह्यात सापडतो. काम न करता पाप धुऊन देणारे आपल्याही घाटावर बसलेले असतात, ओळखू यायला हरकत नाही.

मित्राच्या नावाने घर घेण्याचे उत्तरही यातच आले. करारावर एकाचे नाव आणि आत राहणार दुसरा, हे घरमालकाशी असत्य आहे. ज्याने एवढ्या कष्टाने खरे बोलून ऋण फेडले, त्याने नव्या संसाराचा उंबरठा खोट्यावर घालावा का? शिवाय वर्षभर वेळेवर भाडे देऊनही पत वाढणार ती मित्राची. मित्राला मदत करायची असेल तर उघड जामीन राहावे. याज्ञवल्क्य जामिनाचे तीन प्रकार सांगतात. हा माणूस हजर होईल असे सांगणारा, हा विश्वासाचा आहे असे सांगणारा, आणि याने न दिल्यास मी देईन म्हणणारा. तिसऱ्याचे ओझे मोठे, ते त्याच्या मुलांपर्यंत जाते असे स्मृती म्हणते. अमेरिकेत करारावर सही करणारा जामीन हा तिसरा. पण दुसऱ्या प्रकाराची माणसे आपल्या समाजाने तिकडे का उभी राहू नयेत? जुन्या घरमालकाचे पत्र, वर्षभराच्या भाड्याच्या पावत्या, साहेबाचा शब्द, हे घेऊन ज्याची दोनचारच घरे आहेत अशा मालकासमोर जाऊन बसावे. मोठ्या कंपनीचे यंत्र आकडा पाहून नाही म्हणते. माणूस कदाचित ऐकतो. काय घडले ते आपण होऊन आधीच सांगावे, त्याने दप्तरात शोधून काढण्यापूर्वी. न्यू जर्सीत अनामत दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, तेव्हा “सहा महिन्यांचे ठेव” म्हणणाऱ्याला कायदा दाखवावा, पण नम्रपणे.

याच विषयावर बोलताना एका ठिकाणी मला कोणी तुकोबांचा दाखला दिला. म्हणे, तुकोबांनी खते इंद्रायणीत बुडवली, मग ऋणाचे एवढे काय घेऊन बसलात? हा दाखला फार सैल तोंडाने दिला जातो. महिपतींनी सांगितलेली कथा नीट ऐका. दुष्काळात तुकोबांचे दुकान बसले, दिवाळे निघाले, गावात बोल लागला. पुढे त्यांनी जी खते बुडवली ती लोकांकडून येणे असलेली. भावाचा वाटा भावाला आधी वेगळा काढून दिला आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. आपण दुसऱ्याचे जे देणे लागतो ते पाण्यात सोडण्याची परवानगी या कथेत कोठेही नाही. कथा धनकोसाठी आहे आणि ती ऋणको लोकच जास्त सांगतात!

तिचा अर्थ घरमालकांनी आणि सावकारांनी लावून पाहावा. आपल्याकडेही 2000 साली सिबिल निघाली, 2005 मध्ये अशा संस्थांचा कायदा झाला. तिचा आकडा 300 पासून 900 पर्यंत. बचत गटातून किंवा लहान कर्जसंस्थेकडून घेतलेल्या उधारीचीही नोंद तेथे होते, दुसऱ्याला जामीन राहिलात तर त्याचीही. बँकेने तडजोड करून थोडे सोडले तर नोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. तो पूर्ण फेड नव्हे. घरातल्या शिकलेल्या मुलीला बसवून एकदा आपली नोंद वाचून घ्या.

आणि ज्यांच्या पुण्या-नाशिकला चार खोल्या आहेत, त्यांच्याकडे असा पडून उठलेला कोणी येईल. त्याची चौकशी अवश्य करा. फक्त त्याचे बुडालेले वर्ष कोणते हे विचारून झाल्यावर, त्यानंतरच्या दोन वर्षांत त्याने भाडे आणि हप्ते कसे दिले, त्याच्या पावत्याही पाहायला मागा. तो त्या बरोबर घेऊनच आलेला असतो. कोणी मागत नाही म्हणून पिशवीतच राहतात.