वेलीला दृष्टी असते का?

महाभारताच्या शांतिपर्वातील मोक्षधर्म या उपपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद येतो. त्यात वनस्पतींना पाचही इंद्रिये असतात हे दाखवण्यासाठी अनेक अनुमाने, म्हणजे दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणारी गोष्ट ठरवणारे युक्तिवाद, मांडलेली असून दृष्टीविषयीचे अनुमान सर्वस्वी वेलीवर आधारलेले आहे. वेल झाडाला वेढत सर्व बाजूंना जाते आणि ज्याला दिसत नाही त्याला वाट सापडणे शक्य नाही, तेव्हा वनस्पतींना दिसते असे मानावे लागते, असा भृगूचा निष्कर्ष आहे.

पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत कळंबोलीला लागून असलेल्या रोडपालीत हे अनुमान कोणालाही गॅलरीच्या जाळीवर तपासता येईल, कारण येथील दमट आणि कडाक्याच्या थंडीपासून मुक्त हवेत मधुमालती, गोकर्ण, कृष्णकमळ आणि बोगनवेल या फुलवेली जवळजवळ वर्षभर हिरव्या राहतात. मात्र चौघींची चढण्याची रीत एक नाही. गोकर्णाचे खोडच आधाराभोवती वळत जाते, कृष्णकमळ पानांच्या बगलेतून निघणाऱ्या तणाव्यांनी, म्हणजे आधार पकडणाऱ्या दोऱ्यासारख्या अवयवांनी, जाळी धरते, मधुमालती वेढे घेतेच, शिवाय पान गळल्यावर मागे उरलेल्या टणक देठांचे काटे करून अडकून राहते, तर बोगनवेल काट्यांच्या बळावर नुसती रेलते. वाट शोधणे हेच दृष्टीचे प्रमाण मानले, तर बोगनवेल आंधळी ठरेल, आणि हे भृगूलाही रुचले नसते.

चार्ल्स डार्विनने 1865 साली चढणाऱ्या वनस्पतींच्या हालचालींवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला व 1875 मध्ये त्याचे पुस्तक केले. वाढते टोक हवेत सावकाश वर्तुळे काढत राहते आणि आधाराला टेकले की त्याभोवती वळते, असे त्याने दाखवले. कृष्णकमळाच्याच कुळातील एका वेलीचे तणावे हलक्या दोऱ्याच्या स्पर्शानेही वळतात, पण अंगावर पडणाऱ्या पाण्याच्या थेंबांनी वळत नाहीत, हे त्याचे निरीक्षण येथे विशेष महत्त्वाचे आहे, कारण कोकणातल्या पावसात याउलट घडत असते तर तणाव्याला उसंतच मिळाली नसती. म्हणजे वाट सापडते ती मुख्यतः चाचपडून. वनस्पती एकेंद्रिय असून तिला केवळ स्पर्शाचे इंद्रिय आहे, हे तत्त्वार्थसूत्रातील जैन मत या बाबतीत भृगूपेक्षा वस्तुस्थितीच्या जवळ जाते. तरीही भृगूचे म्हणणे पुरते निकालात निघत नाही. उष्ण कटिबंधातील मॉन्स्टेरा या वेलीची रोपे जवळच्या झाडाच्या गडद सावलीकडे वाढत जातात, असे 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले, आणि उजेड व अंधार यांतला फरक ओळखून दिशा ठरवणे ही दृष्टीची अगदी पहिली पायरी मानता येते.

खरी अडचण पुढे आहे. हेतूला साजेशी क्रिया दिसली की तिच्यामागे जाणीव असलीच पाहिजे, हे भृगूचे गृहीतक सांख्य तत्त्वज्ञांना मान्य नाही. वासराच्या पोषणासाठी दूध अजाणतेपणे स्रवते, तशी जड प्रकृती पुरुषाच्या, म्हणजे शुद्ध चैतन्याच्या, मोक्षासाठी प्रवृत्त होते, असा दृष्टांत सांख्यकारिकेत आहे. या न्यायाने तणाव्याने जाळी धरणे आणि जाळी धरल्याचे त्याला जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात, आणि डार्विनची निरीक्षणे पहिलीपुरतीच बोलतात.

त्यामुळे त्या संवादातील दुसरा युक्तिवाद अधिक टिकाऊ वाटतो. तोडलेले पुन्हा वाढते, म्हणून वृक्षांत जीव आहे, असे भृगू म्हणतो. त्यासाठी डोळे गृहीत धरावे लागत नाहीत. पण वेलीत जीव असेल, तर तिच्यावर कात्री चालवणे ही हिंसा आहे का, असा प्रश्न धार्मिक मनाच्या माणसाला पडतो, आणि जैन दृष्टीने ती अल्प असली तरी हिंसाच होय. परंतु मधुमालती आणि बोगनवेल या दोहोंना फुले नव्या फुटींवर येतात, त्यामुळे बहर ओसरल्यावर त्यांची छाटणी करावीच लागते.