झिजलेली बोटं

आमच्या आत्याने चाळीस वर्षं लोकांची धुणीभांडी केली. आधी राख, मग पावडर, मग साबण. बोटांवरच्या रेषा केव्हाच विरल्या. मागच्या महिन्यात रेशन दुकानात ती मशीनवर अंगठा टेकवत राहिली. पुसला, पदराला घासला, मग तर्जनी, मग मधलं बोट. थंब काही लागला नाही. दुकानदार तिला पंचवीस वर्षं ओळखतो. सुनेच्या बाळंतपणाची चौकशीही त्याने केली. तरी धान्य देता येईना. ‘पुढच्या आठवड्यात या,’ म्हणाला. आत्याने पिशवीची घडी घातली आणि रांगेतल्या बायकांकडे न बघता बाहेर पडली, चोरी पकडली गेल्यासारखी. मला ते बघवलं नाही.

रेशनचं मशीन ठसा ताडून बघतं तो आधारच्या नोंदीशी. देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. दहा बोटं, दोन बुबुळं, एक छायाचित्र. ज्याच्याजवळ कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा हेतू चांगलाच होता. खोट्या नावांवर उचललं जाणारं धान्य थांबायलाच हवं, याबद्दलही दुमत नाही. पण ठसा जुळवताना मशीन पाहतं काय? रेषा कुठे फुटतात, कुठे संपतात, एवढंच. उसाच्या फडात, वीटभट्टीवर राबून त्या रेषा झिजतात. म्हातारपणी कातडी सुकते. कुष्ठरोगात बोटंच झिजून आखूड होतात. ज्याला त्या धान्याची गरज सर्वांत जास्त, नेमका त्याचाच हात मशीनला वाचता येत नाही.

पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाचा लाभ अडवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात मान्य केलं आहे. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळं मत नोंदवताना तर घटनेने दिलेले हक्क तंत्रज्ञानाच्या भरवशावर सोडायलाच नकार दिला. बुबुळ, ओटीपी असे दुसरे मार्गही आहेत. पण आत्याकडे मोबाइल नाही, आणि ‘मी या बाईंना ओळखतो’ एवढं लिहून धान्य देण्याची हिंमत दुकानदाराला होत नाही. चूक मशीनची, खेटे मात्र आत्याचे. ओळखीच्या माणसाचा शब्द इतका हलका आपण कधी होऊ दिला?

हल्ली आत्या रात्री झोपताना बोटांना खोबरेल तेल चोळते. ठसे परत येतील, असं तिला कुणीतरी सांगितलंय. सकाळी पुन्हा भांडी असतातच.