पाहुण्याच्या तोंडाकडे पाहू नका

जेवणाच्या ताटावर माणसाची परीक्षा घेण्याची खोड आपल्याला अलीकडेच लागली आहे. धाराशिव, कळंब, उमरग्याची पोरं पुण्यात नोकरीला लागतात आणि आईवडील गावाहून आले की त्यांना हौसेनं जपानी हॉटेलात सुशी खायला नेतात. हौस चांगलीच, पण टेबलावर बसल्यावर तिचं काय होतं ते पाहा. वडील चष्मा लावून मेनूकार्ड उघडतात आणि किमती वाचून मिटून ठेवतात. आई विचारते, “मासा कच्चाच असतो का रं?” लेक शेजारच्या टेबलाकडे बघत पुटपुटतो, “आई, हळू बोल.” काड्यांतून घास बशीत निसटतो. आईला घासाचं काही वाटत नाही; आपल्यामुळे लेकाला ओशाळल्यासारखं झालं, हे तिला लागतं.

ज्या सुशीपुढे हा संकोच, ती मुळात रस्त्यावरची. भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली निगिरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, टपऱ्यांवर विकली जाई. लोक उभ्याउभ्या, हातानं खात. तेव्हा बर्फाची सोय नव्हती. म्हणून मासा बऱ्याचदा मीठ-व्हिनेगर किंवा सोया सॉसमध्ये मुरवलेला, नाहीतर शिजवलेला असे. 1958 साली ओसाकात योशिआकी शिराइशी यांनी सरकत्या पट्ट्यावर बशा फिरवल्या आणि सुशी सामान्य कुटुंबाच्या खिशाला परवडू लागली. निगिरी हातानं खाणं जपानमध्ये आजही रीतीला धरूनच आहे. आईनं काड्या बाजूला ठेवल्या असत्या, तर तिचं काहीच चुकलं नसतं.

निगिरी करणारा कारागीर भात तळहातावर दाबतो, वर काप बसवतो आणि समोर ठेवतो. ती लगेच खावी, एवढीच त्याची अपेक्षा. आपला हुरडा याच जातीचा. आगटीतलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कूस उडवायची आणि गरम दाणे पाहुण्याच्या ओंजळीत द्यायचे. वाढणाऱ्याच्या हातावर विश्वास असल्याशिवाय दोन्ही घशाखाली उतरत नाहीत. आता हुरडाही पुण्याच्या आसपास तिकीट लावून मिळतो. दाणे तेच, आगटी तीच. फक्त भोवतीची माणसं बदलली आणि भाव चढला. पदार्थाची प्रतिष्ठा अशी भोवतालच्या माणसांवर ठरते. मग तिच्या धाकात आईवडिलांनी का बसावं?

नवं काही चाखून पाहावं हे खरं. पण गळ्यात माळ असलेल्या माणसानं मासा नाकारला किंवा कुणाला त्याचा वास नको झाला, म्हणून कोणी मागासलेला ठरत नाही. जीभ लहानपणी घडते. एका संध्याकाळीत ती बदलावी, असा हट्ट धरणं हा पाहुणचार नव्हे.

तेव्हा आईवडिलांना सुशी खायला जरूर न्या. आधी काकडीचा रोल मागवा. त्यात मासा नसतो. पहिला घास तुम्हीच हातानं उचला आणि किमतीचं कार्ड त्यांच्यापुढे सरकवू नका. आणि ऑफिसात कोणी जपानी सहकारी असेल तर येळवसेला, मार्गशीर्ष अमावास्येला, त्याला आपल्या शेतात घेऊन या. कोपीपुढे पंगतीत बसवा. आंबील नको म्हणाला तर आग्रह धरू नका. भज्जी आणि उंडे वाढा.