मानवशास्त्र कोठे शिकावे?

घरातील मुलगी मानवशास्त्र शिकेन म्हणाली, की बदलीच्या नोकरीत दिवस काढणाऱ्या कुटुंबात एक वाद हमखास उभा राहतो: विद्यापीठ मोठे व नामवंतच हवे, की लहानसे कॉलेजही चालेल? वैद्यक शिकायचे असते तर आम्ही विनाविलंब मोठ्या संस्थेच्या बाजूने कौल दिला असता. मानवशास्त्राची गोष्ट निराळी. येथे अभ्यासाचा विषय काचपट्टीवर नसतो. तो दारावरून चालत जात असतो. त्याला आपण शेजारी समजतो की सामग्री, हा प्रश्न विद्येइतकाच नीतीचाही आहे.

परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मंडळींना तो अंगणातच भेटतो. कुंभकोणमहून मायिलादुतुरैच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर तिरुभुवनम् लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले कंपहरेश्वराचे मंदिर आपण पाहतो, परतताना 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेली तेथील रेशमी साडी घेतो, आणि ओळख तेथेच संपते. ती साडी विणणाऱ्यांत सौराष्ट्र समाजाची घरे पुष्कळ आहेत. तमिळ मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही हे लोक घरात आपली, गुजरातीशी नाते सांगणारी बोली बोलतात आणि तिच्यात मराठीचीही छटा कानी पडते. 1855 साली खालसा झालेल्या तंजावरच्या भोसल्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. मागावर बसलेल्या या माणसाशी मात्र भावापलीकडे बोलणे होत नाही.

तंजावर जिल्हा या शास्त्राला अपरिचित नाही. केंब्रिजला शिकलेल्या कॅथलीन गफ 1951 ते 1953 या काळात येथील खेड्यांत राहिल्या, 1976 साली पुन्हा आल्या, आणि त्यांचा मोठा ग्रंथ निघाला तो 1981 साली. दिल्ली विद्यापीठातून आंद्रे बेते 1961-62 मध्ये आले. ज्या गावी ते राहिले त्याला त्यांनी ग्रंथात ‘श्रीपुरम्’ असे नाव दिले. त्यांचा मुक्काम अग्रहारात होता. त्यामुळे इतर वस्त्यांत आपल्याला तितक्या मोकळेपणाने वावरता आले नाही, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. मोठ्या विद्यापीठाने त्यांना प्रश्न विचारण्याची शिस्त दिली. परंतु अग्रहाराची वेस ओलांडण्याचा परवाना कोणत्याही विद्यापीठापाशी नसतो.

म्हणून लहान कॉलेज श्रेष्ठ, असेही आम्ही म्हणणार नाही. तेथे पुस्तके थोडी, आणि एकाच अध्यापकाचे मत चार वर्षे ऐकले की ते शास्त्र वाटू लागते. गावचा पूर्वग्रह गावातच शिकल्याने जातो असे नाही. कधी कधी तो पदवी घेऊन परत येतो. पण मोठ्या संस्थाही पूर्वग्रहापासून मुक्त असतात काय? इरावतीबाई कर्वे बर्लिनच्या प्रख्यात संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकल्या. वंशश्रेष्ठत्वाच्या गृहीताला कवट्यांच्या मोजमापातून पुष्टी मिळावी, ही गुरूची अपेक्षा. बाईंनी मोजमापे घेतली आणि तसा काही संबंध आढळत नाही असे लिहून दिले. साधन त्या संस्थेचे होते, नकार त्यांचा स्वतःचा.

पुढे त्यांचे कार्यक्षेत्र झाले पुण्याचे डेक्कन कॉलेज. ते 1934 साली बंद पडले होते आणि 1939 साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. संस्था लहान, माणसे मोजकी. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा 1953 सालचा ग्रंथ तेथूनच प्रसिद्ध झाला. मामेबहिणीशी लग्न महाराष्ट्रात अनेक जातींना चालते, सख्ख्या भाचीशी चालत नाही. तमिळ मुलुखात मामा-भाचीचे लग्नही होत आले आहे. आपल्यापैकी कित्येक जण हे शेजारच्या लग्नात पाहून नाक मुरडतात. बाईंनी नाक न मुरडता नात्यांची नावे विचारली, आणि एका घरची चाल दुसऱ्या प्रांताशी ताडून पाहिली.

तेव्हा आमचे मत असे, की पहिल्या पदवीसाठी संस्थेचा आकार पाहू नये, अध्यापकाची पायपीट पाहावी. जो स्वतः गावात राहतो आणि विद्यार्थ्यांना सोबत नेतो, त्याचे कॉलेज लहान असले तरी मुलीला तेथेच घालावे. तुलनेसाठी व वादासाठी मोठे विद्यापीठ पुढे आहेच. प्रवेशाच्या दिवशी विचारावे: गेल्या वर्षीची मुले कोणत्या वस्तीत राहिली, किती आठवडे राहिली, आणि त्यांनी जे लिहिले ते त्या वस्तीला तिच्या भाषेत कोणी वाचून दाखवले काय? या शेवटच्या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. पालकांची चौकशी तर वसतिगृहाच्या खोलीपाशीच थांबते.